वैशालीची दुसरी साक्ष

वैशालीची पहिली साक्ष चार मिनिटं बावीस सेकंदांची आहे. मोबाईलवर ती अजूनही बघायला मिळते. निळ्या पडद्यापुढे हिरव्या साडीतली एक बाई दोन्ही हातांनी माईक धरून उभी आहे, रडते आहे, आणि रडता रडता सांगते आहे की माझे मिस्टर गुरुदत्त बरे झाले, प्रभूने त्यांच्या दोन्ही किडन्या नव्या केल्या. शंभरेक माणसं टाळ्या वाजवतात, कीबोर्ड वाजतो आणि कॅमेरा खुर्चीत बसलेल्या गुरुदत्तकडे वळतो. गुरुदत्त हसतो आहे. त्यानंतर नवव्या दिवशी तो मेला. ते व्हिडिओत नाही.

गुरुदत्त पालिकेकडे कंत्राटावर चावीवाला होता. रस्त्याखालच्या पाइपाचे व्हॉल्व्ह लांब लोखंडी चावीने फिरवायचे आणि ठरल्या वेळी गल्लीगल्लीला पाणी सोडायचं, हे त्याचं काम. मानपाड्यात चावीवाल्याला जेवढा मान तेवढा नगरसेवकाला नाही, आणि शिव्याही तेवढ्याच. बारा वर्षं ती चावी फिरवून त्याची कंबर कामातून गेली. कंबरेसाठी तो मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या आणून खात राहिला आणि गोळ्यांनी किडन्या खाल्ल्या. एकेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि दिवसाला पाणी अर्धा लिटर. त्यातच चहा, त्यातच आमटी.

"अख्ख्या मानपाड्याला पाणी पाजलं आणि मला तीन पेले," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. पहिल्यांदा लोक हसायचे. तिसऱ्या महिन्यापासून तो स्वतःच हसेना.

तहान काय करते हे वैशालीने त्या दीड वर्षात पाहिलं. चांगला सरळ माणूस पाण्यासाठी चोर झाला. अंघोळीला गेला की बादलीतलं पाणी प्यायचा. शेजारच्यांच्या फ्रीजमधला बर्फ मागून आणायचा आणि तोंडात धरून भिंतीकडे तोंड करून बसायचा. पाणी जास्त झालं की पाय सुजायचे, छाती भरायची, आणि कल्याणच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलातली सिस्टर त्याला नाही, वैशालीला झापायची. म्हणून वैशालीने माठ कुलपात ठेवला. नवऱ्याच्या हातातून तांब्या हिसकावून घ्यायची वेळ ज्या बाईवर आली नाही, तिने वैशालीच्या पहिल्या साक्षीवर तोंड उघडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता साक्ष म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

गुरुदत्त आजारी पडला तेव्हा जुन्नरकडचे भाऊबंद फोनवर होते. "काळजी घ्या, काही लागलं तर सांगा," म्हणायचे, आणि काही लागलं की फोन लागायचा नाही. दारात आली ती शेजारची शकू. ती येशूला मानणारी, विश्वासी. डबा आणला, भांडी घासली, डायलिसिसच्या दिवशी हॉस्पिटलात बसली. तिच्या मागोमाग संगतीची, म्हणजे त्यांच्या मंडळीची, चार माणसं आली. त्यांनी हात धरून प्रार्थना केली, आणि त्या प्रार्थनेत गुरुदत्तचं नाव अशा मायेने घेतलं की तो लहान पोरासारखा रडला. हे खरं होतं. पुढे जे झालं त्यामुळे हे खोटं ठरत नाही, आणि वैशालीनेही ते कधी खोटं ठरवलं नाही. सहा महिन्यांनी दोघांनी बाप्तिस्मा घेतला. गच्चीवर पाण्याची काळी टाकी वरून कापून ठेवली होती, तिच्यात बुडवून वर काढलं. वर येताच गुरुदत्त तिच्या कानात म्हणाला, "दोन घोट पोटात गेले. आजच्यात धरू नकोस." त्या दिवशी ती पोट धरून हसली होती.

सासू हौसाबाईंनी मात्र नाक मुरडलं. एका खोलीत एका भिंतीला त्यांचा देव्हारा आणि समोरच्या भिंतीला वैशालीचा लाकडी क्रूस. मध्ये गुरुदत्तची खाट. तरी घर चाललं.

संगती भरायची ती मानपाडा रोडला एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या गाळ्यात. दर रविवारी गाण्यांनंतर आणि संदेशाआधी, म्हणजे प्रवचनाआधी, कोणीतरी उठून साक्ष द्यायचं. साक्षीचा एक साचा असतो. आधी मी असा होतो, मग प्रभू भेटला, आता मी असा आहे. दारू सुटली, नोकरी लागली, मूल झालं. वैशालीला ऐकायला आवडायचं. तिच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, कारण गुरुदत्तची साक्ष मधल्या पायरीवरच अडकली होती. प्रभू भेटला होता. पुढचं काही होत नव्हतं.

तेवढ्यात बाहेरगावचे एक मोठे ब्रदर ठाण्यात सभा घ्यायला आले आणि एका रविवारी मानपाड्याच्या गाळ्यातही आले. त्यांनी सगळ्यांना नवीन व्याकरण शिकवलं. बरे होतील म्हणणं ही शंका, बरे झाले म्हणणं हा विश्वास. काम झाल्यावर साक्ष देणं कोणालाही जमतं, आधी साक्ष द्या, मग काम होईल. त्यांनी गुरुदत्तच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि माईक वैशालीपुढे धरला. "बहिणी, कबूल कर. काय झालं?"

शंभर माणसं श्वास रोखून बघत होती. शकूने हात जोडले होते. गुरुदत्त खुर्चीतून तिच्याकडे बघत होता, ओठ सुकलेले, साली निघालेल्या. वैशाली म्हणाली, "बरे झाले."

एक शब्द भूतकाळात टाकला, बास. बाकीची चार मिनिटं आपोआप आली.

घरी येऊन गुरुदत्तने माठाची किल्ली मागितली. तिने दिली. तो तीन तांबे प्यायला, सावकाश, डोळे मिटून. सोमवारी डायलिसिस होतं. तो म्हणाला, "आता कशाला? तू सगळ्यांसमोर बोललीस ना." तिच्या घशात शब्द आला आणि तिने तो गिळला. बुधवारी गिळला. शुक्रवारी पाय खांबासारखे झाले तेव्हा तिने संगतीच्या पास्टर नयनना फोन केला. पास्टर नयन ठाण्याला वर्तकनगरला राहायचे आणि रविवारी गाडीने यायचे. ते म्हणाले, "ताई, तोंडाने दिलेली साक्ष मागे घ्यायची नसते." मंगळवारी सकाळी दहा वाजता, तिने शेवटी रिक्षा बोलावली तेव्हा, गुरुदत्त रिक्षात बसता बसता गेला.

भाऊबंदांचे फोन त्या दिवशी बरोबर लागले. त्यांनी येऊन त्यांच्या रीतीने त्याला अग्नी दिला. संगतीची माणसं स्मशानाच्या फाटकापर्यंत आली. तिसऱ्या दिवशी पास्टर नयन घरी येऊन बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "कुठेतरी शंका शिरली असावी ताई. तुमच्यात नाही, त्यांच्यात असेल."

मेलेल्या माणसावर ढकललं की तो उलटून बोलत नाही. वैशाली त्या दिवसापासून गाळ्यात जायची थांबली. व्हिडिओ काढून टाका एवढं तिने तीनदा सांगितलं. पास्टर म्हणाले, ती विश्वासाची साक्ष आहे, निकालाची नाही.

पुढच्या वर्षात तिने डोंबिवलीतल्या एका पोळीभाजी केंद्रात काम धरलं. सकाळी साडेसहा ते दुपारी एक, अडीचशे पोळ्या. पोळ्या लाटताना तोंड मोकळं असतं. ती तोंडातल्या तोंडात प्रभूला शिव्या द्यायची. तुला एवढंही जमलं नाही. मला खोटं बोलायला लावलंस. त्याने काय मागितलं होतं, पाणीच ना. शेजारच्या ओट्यावरच्या बायांना वाटायचं ही श्लोक म्हणते. असे चार-पाच महिने गेले, आणि एक दिवस तव्यावर पोळी टाकता टाकता तिच्या ध्यानात आलं की नसलेल्या माणसाशी कोणी रोज सकाळी साडेसहाला भांडायला येत नाही. शिव्या द्यायला का होईना, ती त्याच्याकडेच जात होती. ह्याने तिला आनंदबिनंद काही झाला नाही. उलट चीडच आली, की ह्यातून सुटका नाही. पण त्या दिवसापासून ती बोलून झाल्यावर थोडा वेळ गप्पही राहू लागली. दुसऱ्याला बोलायला द्यावं तसं.

घरी हौसाबाई होत्या. त्या गावी गेल्या नाहीत. "तुझ्या देवानं नेला माझा पोरगा," असं दिवसातून एकदा तरी ऐकवायच्या, आणि रात्री तिच्या ताटात दुसरी भाकरी वाढायच्या.

मग एका शुक्रवारी दुपारी शकू धावत आली. चेहरा फुललेला.

"वैशू, तुझ्या साक्षीला फळ आलं गं. कल्याणचे एक भाऊ आहेत, महिपत म्हणून. तुझ्या गुरुदत्तच्याच हॉस्पिटलात डायलिसिसला असायचे. तुझा व्हिडिओ बघितला त्यांनी. सोमवारपासून डायलिसिस सोडलंय. ह्या रविवारी साक्ष देणारेत."

वैशालीला महिपत चांगले आठवत होते. कल्याण पूर्वेला शाळेचे गणवेश शिवणारे, पन्नाशीचे, गुरुदत्तच्या शेजारच्या खाटेवर असायचे. दोघं चार-चार तास आडवे पडून कुठलं सरबत कसं करायचं ह्यावर वाद घालायचे.

"शकू, त्यांना माहीत नाही का ते गेले ते?"

शकूचा चेहरा उतरला. तिने हे धरलंच नव्हतं. डायलिसिसच्या खोलीत एक रीत आहे. एखादी खाट रिकामी झाली की कोणी कोणाला विचारत नाही. न विचारलं म्हणजे तो दुसऱ्या सेंटरला गेला असं म्हणता येतं. महिपतनी विचारलं नव्हतं. वर्षभराने मोबाईलवर हसणारा गुरुदत्त दिसला, तेव्हा त्यांनी साधा हिशोब मांडला, की बरा झाला म्हणूनच येत नव्हता.

वैशालीने बोटांवर दिवस मोजले. शेवटचं डायलिसिस गेल्या शुक्रवारचं. रविवार म्हणजे नववा दिवस.

तिने तिथूनच पास्टर नयनना फोन लावला. सरळ सांगितलं, त्या माणसाला हॉस्पिटलात पाठवा. पास्टर शांत आवाजात म्हणाले, "ताई, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण दुसऱ्याच्या विश्वासाला धक्का लावू नका." तिने फोन ठेवला आणि शकूकडून पत्ता घेतला.

शनिवारी पोळ्या आटोपून ती कल्याणला कोळसेवाडीत महिपतच्या घरी पोचली. दार महिपतच्या बायकोने, रखमाबाईंनी उघडलं. महिपत पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. चेहरा फुगलेला, डोळे बारीक झालेले. शेजारी पाण्याची दोन लिटरची बाटली, अर्धी. वैशालीला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि धापच लागली.

"वहिनी, या या. अहो तुमच्यामुळे मी आज पाणी पितोय. गुरुदत्त कुठाय? त्याला पण आणायचा ना."

इथपर्यंत रिक्षात तिने वाक्यं जुळवली होती. ती सगळी गेली.

"दादा, ते वारले. मी ती साक्ष दिली त्याच्या नवव्या दिवशी."

महिपत तिच्याकडे बघत राहिले. रागाने नाही, कीव आल्यासारखे. मग म्हणाले, "पास्टरांचा कालच फोन आलेला. म्हणाले, साक्षीच्या आधी सैतान कोणाच्या तरी तोंडून शंका पेरायला येतो. जवळच्याच माणसाच्या तोंडून येतो."

"मी सैतान नाही हो. हा मृत्यूचा दाखला बघा त्यांचा." तिने पिशवीतून कागद काढला.

"कागद काय, कोणीपण बनवतो. तुम्ही तेव्हा रडत बोलत होता, ते मी डोळ्यांनी बघितलंय. आता कोरड्या डोळ्यांनी बोलताय. कुठलं खरं धरू?"

रखमाबाईंनी मात्र तो कागद घेतला, दाराजवळ उजेडात नेला आणि तारखेवर बोट ठेवून वाचला. वैशाली निघाली तेव्हा त्या जिन्यापर्यंत आल्या.

"दोन दिवस बसूनच आहेत. आडवं होता येत नाही. मी काही बोलले की म्हणतात, रविवारी साक्ष होऊ दे, मग बघ. तुम्ही तिथं या. जिथं बोललात तिथंच बोला. नाहीतर ते ऐकायचे नाहीत."

संध्याकाळी तिने सगळं हौसाबाईंना सांगितलं. सांगायला दुसरं होतं कोण. हौसाबाई लसूण सोलत होत्या. सोलायच्या थांबल्या नाहीत.

"उद्या म्या येते."

"तुम्ही? तिथं? दोन वर्षं नावं ठेवलीत त्या जागेला."

"ती ठेवीनच. पण साक्षीला दोन माणसं लागत्यात. कोर्टात बी लागत्यात."

रविवारी गाळा भरलेला होता. महिपत पुढच्या रांगेत, खांद्यावर टॉवेल, श्वास घेताना खांदे वरखाली होताहेत. शेजारी रखमाबाई. हौसाबाई डोक्यावरून पदर घेऊन शेवटच्या खुर्चीत बसल्या, जणू एसटीची वाट बघत आहेत. गाणी संपली. पास्टर नयन म्हणाले, "आज आपल्यामध्ये कल्याणचे बंधू," आणि तेवढ्यात वैशाली मधल्या वाटेने पुढे चालू लागली.

तिला कोणी अडवलं नाही. कोण अडवणार? ती संगतीतली सगळ्यात जास्त बघितली गेलेली बाई होती. खुर्च्यांवरच्या चार जणी तिला परत आलेली बघून टाळ्यासुद्धा वाजवू लागल्या. माईकवाल्या स्वयंसेवकाने हसून स्वतःच तिच्या हातात माईक दिला.

"मी वैशाली. गेल्या वर्षी मी इथं उभी राहून बोलले की माझे मिस्टर बरे झाले. ते बरे झाले नव्हते. मी खोटं बोललेले."

टाळ्या हवेतच राहिल्या.

"नवव्या दिवशी ते वारले. तुम्हाला सांगितलं गेलं, त्यांच्या विश्वासात खोट होती. अजिबात नव्हती. त्यांनी पूर्ण विश्वास ठेवला. प्रभूवर नाही, माझ्यावर. बायको सगळ्यांसमोर बोलली म्हणजे झालंच असणार. आणि मी विश्वासाने बोललेच नव्हते. त्यांच्या हातातून तांब्या ओढून ओढून मी थकले होते. मला ते संपवायचं होतं. म्हणून बोलले. माझ्या कंटाळ्याला तुम्ही विश्वास समजलात आणि टाळ्या वाजवल्या."

माईक बंद झाला. पास्टर नयन पुढे आले. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच दुःख होतं, तेवढं मी मान्य करतो. ते म्हणाले, "बहीण दुःखात आहे. आपण सगळे उभे राहून तिच्यासाठी गाऊ या." कीबोर्ड मोठ्याने सुरू झाला. माणसं उठली, हात वर झाले. शंभर माणसं एका बाईचा आवाज बुडवण्यासाठी देवाचं नाव घेत होती. त्यातल्या निम्म्यांना हे कळतही नव्हतं. कडू वाटतं, पण झालं ते असं.

आणि मग मागून हौसाबाई आल्या. त्या पुढे जाऊन काही बोलल्या नाहीत. त्यांनी कीबोर्डच्या पट्ट्यांवर आपला तळहात दाबून ठेवला. एक भलताच आवाज निघाला. वाजवणाऱ्याने घाबरून हात काढले.

"म्या त्याची आई," हौसाबाई म्हणाल्या. "तुमच्यातली न्हाई. माझा पोरगा मेला. पाणी पिऊन मेला. ह्या बाईनं आज जे सांगितलं ते खरं हाय."

पुढच्या रांगेतून महिपत बोलले. त्यांना वाक्य एका दमात पुरं करता येईना.

"मग वहिनी, तुम्ही अजून... प्रभूचं नाव... कशाला घेता?"

ती त्यांच्यासमोर खाली बसली. माईक नव्हताच, पण एव्हाना सगळे ऐकत होते.

"दादा, वर्षभर हेच भांडतेय मी त्याच्याशी. तुम्ही विचारता म्हणून सांगते. त्यालापण मरताना तहान लागली होती. क्रूसावर पाणी मागितलं त्याने, तर लोकांनी काहीतरी आंबट तोंडाला लावलं. त्यालापण कोणी वाचवलं नाही. तो उठला, पण मेल्यावर उठला, त्याच्या आधी नाही. हे पहिल्या दिवसापासून आपल्याला सांगितलेलं आहे, आपणच ते सोडून भलतं धरलं. माझे मिस्टर त्याच्याजवळ आहेत. त्याच्याजवळ असलेला माणूस हरवत नाही, एवढं मला पक्कं कळलंय. ह्याच्यासाठी कोणी बरं व्हावं लागत नाही. कोणी बरं झालं नाही म्हणून ते तुटतपण नाही."

"म्हणजे मी... बरा होणार नाही."

"मला नाही माहीत. पण आज हॉस्पिटलात गेला नाहीत तर मंगळवार बघणार नाही, ते माहितीये."

महिपतनी तोंडावर टॉवेल धरला आणि ते रडू लागले. "तुम्ही माझी आशा खाल्लीत," असं काहीतरी ते टॉवेलातून म्हणाले. वैशाली "हो" म्हणाली. शकू तोवर जिना उतरून रिक्षाला हात करत उभी होती. डोळे पुसायचंही तिला सुचलं नव्हतं.

ह्या दुसऱ्या साक्षीचा व्हिडिओ कोणी काढला नाही. संध्याकाळी संगतीच्या ग्रुपमधून वैशालीचा नंबर काढून टाकलेला होता. पहिली साक्ष आहे तशीच आहे आणि ती बघणारे वाढतच आहेत. त्यांतल्या किती जणांनी काय सोडलं, हे मोजायला कोणी बसलेलं नाही. वैशालीला ते झोपू देत नाही, आणि कधी देईल असं मला वाटत नाही. शकूने त्या गाळ्यात जायचं सोडलं नाही, पण आता कोणी साक्षीला उठलं की ती विचारते, डॉक्टरांनी काय सांगितलं. ती तिथे फारशी आवडती राहिलेली नाही.

त्या रविवारी दुपारी सिस्टरने महिपतना आधी ऑक्सिजन लावला, मग फोन करून टेक्निशियनला घरून बोलावलं. कोणी कोणाला झापलं नाही, इतकी घाई होती. मशीन सुरू झालं. तासाभराने त्यांचा श्वास जरा ठिकाणावर आला. रखमाबाई पायाशी बसून होत्या. वैशाली दाराशी उभी होती, आत यावं की नाही ह्या विचारात. महिपतनी डोळे उघडले आणि तिला बघून पुन्हा मिटले.

"तुमचं तोंड बघू नये असं वाटतंय," ते म्हणाले.

"जाते मी."

"थांबा." ते पुढचं वाक्य गोळा करत राहिले. "प्रार्थना करा. पण बरं कर म्हणू नका. ते आता नको."

वैशाली खाटेजवळ आली. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला, सुई नसलेल्या. आणि तिच्या लक्षात आलं की तिला दुसरी कुठली प्रार्थना शिकवलेलीच नाही. सगळ्या प्रार्थना बरं कर इथे जाऊन संपायच्या. शिव्या देऊन होणार नव्हतं, श्लोकही येत नव्हता.

"प्रभू," ती म्हणाली, "हे महिपत. आज इथं आलेत."

पुढे तिला काही सुचेना. महिपतनी थोडा वेळ वाट बघितली, आणि मग त्यांनी स्वतःच आमेन म्हटलं.